एक दिवस आधी

तुम्ही किती वर्षं जगणार आहात?

फराळाचं ताट शेजारी ठेवून अंक चाळणाऱ्या माणसाला असला प्रश्न विचारू नये, कळतं मला. पण काय करू, हा प्रश्न विचारायला शिकवण्याचाच मला पगार मिळत होता. घाटकोपरच्या एका कॉलेजात मी कॉमर्सच्या मुलांना 'पर्सनल फायनान्शियल प्लॅनिंग' शिकवायचे. गेल्या मे महिन्यात रिटायर झाले आणि तेव्हापासून मुलुंडच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. नवरा म्हणतो, "बस की जरा, टाइल्स झिजतील." बसणं माझ्या स्वभावातच नाही. वर्गातसुद्धा फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत बोलायचे. मुलांनी माझं नाव 'टेबल फॅन' ठेवलं होतं. मला ते माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

लोकांना वाटतं, फायनान्स शिकवणारी बाई म्हणजे शेअरच्या टिपा देणारी. लग्नकार्यात गाठून विचारतात, "गुप्ते मॅडम, सध्या काय घ्यावं हो?" मी सांगते, "जेवून घ्या, पंगत बसलीय." आमचा विषय तो नव्हेच. घरात येणारा पैसा, जाणारा पैसा आणि पुढे कधीतरी लागणारा पैसा यांचा मेळ कसा घालायचा, एवढंच आम्ही शिकवतो. त्यातलं सगळ्यात किचकट म्हणजे निवृत्तीनंतरचं गणित. महिन्याला किती लागतं ते घरातल्या बाईला विचारायचं. महागाई किती वाढेल ते अंदाजाने धरायचं. आणि पैसा किती वर्षं पुरवायचा हे ठरवायचं, म्हणजे माणूस किती जगेल ते धरून चालायचं. तिथेच घोडं अडतं.

कारण माझ्या वर्गात शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या घराचा प्लॅन करायचा, असा मी दंडक घातला होता. पुस्तकातल्या मिस्टर एक्सचा नाही. आई आणि बाबा हेच क्लायंट. त्यांच्याशी बसून बोलायचं आणि तोंडी परीक्षेला त्यांना कॉलेजात घेऊन यायचं. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, येतंय कोण! आले हो. ठेवणीतल्या साड्या नेसून, इस्त्रीचे शर्ट घालून आले. आपल्या लेकराला आपल्याशी 'सर', 'मॅडम' करून बोलताना बघून काही बापांचे डोळे भरून यायचे.

पहिल्याच तासाला मी फळ्यावर दोन वाक्यं लिहायचे. क्लायंटला काही विकायचं नाही. क्लायंटशी खोटं बोलायचं नाही. बाकी सगळं पुस्तकात आहे, ते वाचा म्हणायचे.

तर मुलं घरी जाऊन विचारायची, बाबा, तुम्ही किती वर्षं जगाल असं धरू? मग जे व्हायचं ते व्हायचं. एकाला आईने लाटणं दाखवलं. बोरिवलीच्या एका आजोबांनी नातवाला थंडपणे विचारलं, "घाई झालीय का रे तुला?" जिग्नेश नावाच्या एका मुलाने तर निवृत्तीचं सगळं पानच कोरं आणलं. "मॅडम, पप्पा बोलतात, दुकान बंद करून घरी बसलो तर दुसऱ्याच दिवशी जाईन. मग लिहू काय?" मी म्हटलं, लिही की पप्पांशी पंगा घेऊ नये.

हसण्यावारी न्यायच्या या गोष्टी. पण एका वर्षी गठ्ठा तपासताना मी उठून उभी राहिले. बाबा पंच्याऐंशीपर्यंत, आई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, तर आई एक्याऐंशीपर्यंत. पुढचा प्लॅन काढला. बाबा ऐंशी, आई पाच वर्षांनी लहान, तर आई पंचाहत्तर. त्याच्या पुढचाही तसाच. कांदिवली असो की कुर्ला, घराघरातल्या आया नेमक्या आपापल्या नवऱ्याच्या एक दिवस आधी चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, हा काय प्रकार आहे? सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "आईच तसं म्हणाली." सवाष्ण जायचं. ह्यांच्या खांद्यावरून जायचं. आणि मुलांनी शहाण्यासारखं क्लायंटची इच्छा म्हणून तेच धरलं होतं. अरे, पण बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, विमा कंपन्यांची सगळी कोष्टकं त्यावर चालतात. त्यात आपल्याकडे बायको नवऱ्याहून लहान. म्हणजे बहुतेक घरांत आई मागे राहणार, आणि ती जी वर्षं एकटी काढणार, त्यांच्यासाठी प्लॅनमध्ये एक छदाम नाही. कागदावर मात्र गणित कसं अगदी झकास जुळलेलं!

तेव्हापासून मी या एका दिवसाच्या मागे हात धुऊन लागले. दर वर्षी मुलांना सांगायचे, आईला जगवा रे बाबांनो. काही जगवायचे, काही मार्कांपुरती जगवायचे.

तन्वी परब या सगळ्यांतली एक. वाकोल्याची. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, पण डोकं तल्लख. शंका विचारायला उभी राहायची नाही, बसल्या जागेवरून "पण मॅडम ना..." असं सुरू करायची. वडील विमानतळावर, विमानात जेवण चढवणाऱ्या कंपनीत ट्रक चालवायचे. गावाकडे अर्ध्या लोकांना अजून वाटतं परब विमान चालवतो, असं तीच हसत सांगायची. एका दुपारी जिन्यात तिने मला गाठलं.

"मॅडम, वाट लागली."

"काय झालं गं?"

"बाबा रिटायर होतायत. कंपनीने पेन्शनचा फॉर्म दिलाय. एका पर्यायात जास्त मिळतं, पण बाबा असेपर्यंतच. दुसऱ्यात थोडं कमी मिळतं, पण बाबांच्या मागे आईला तेवढंच चालू राहतं. आई म्हणते, जास्तवालं घ्या."

"का?"

"का काय मॅडम! ती आधी जाणार ना."

मी विचारलं, फंडाचे पैसे? त्यातले अर्धे वाकोल्याच्या खोलीत गेले होते, अर्धे गावच्या घराच्या स्लॅबमध्ये. म्हणजे पुढे जे काही होतं ते ही पेन्शन. महिनाअखेरपर्यंत फॉर्म भरून द्यायचा होता आणि एकदा दिलेला पर्याय बदलता येत नाही.

"तू घरी सांगितलंस का हे?"

"काय सांगू? आईला सांगू, बाबा तुझ्या आधी जाणार? की बाबांना सांगू, तुम्ही गेल्यावर आईचं काय? मी प्लॅनर आहे की यमाची असिस्टंट?" हे बोलताना ती हसत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. "आई म्हणते, तू आहेस ना. मी आहेच हो मॅडम. पण ती माझ्याकडे मागणार नाही. मेली तरी मागणार नाही."

ते मला कोणी सांगायला नको होतं. माझी आईसुद्धा आयुष्यभर हेच म्हणायची, तुझ्या बाबांच्या आधी जाईन. बाबा गेले आणि आई मागे पुष्कळ वर्षं राहिली, भावाकडे. भाऊ चांगला, वहिनी चांगली, कोणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. पण आईने संध्याकाळचा चहा सोडला. म्हणायची पित्त होतं. चहावर जीव टाकणारी बाई! माझ्याकडे राहायला आली की तीन-तीन कप प्यायची, तेव्हा कुठे जायचं पित्त? मला अजून राग येतो. कोणाचा येतो ते मात्र आजही सांगता येत नाही.

मी तन्वीला सांगितलं, "घरात बोलू नकोस. परीक्षेला दोघांना घेऊन ये. तिथे तू मुलगी नाहीस."

परीक्षेच्या दिवशी परब पतिपत्नी आले. ते उंच, शांत, हातावर हात ठेवून बसले. ती बुटकी, चटपटीत, हिरव्या बांगड्या, मोठं कुंकू. बसायच्या आधी तिने बाक पदराने पुसला, स्वतःचाही आणि नवऱ्याचाही. तन्वीने सुरुवात छान केली. घरखर्च, महागाई, औषधपाणी. आई कौतुकाने बघत होती. मग पडद्यावर पुढचं पान आलं. बाबा ब्याऐंशी. आई नव्वद.

"ह्या काय गो?" आईने विचारलं.

"आई, आजी बघ ना, या वयात अजून विहिरीवर जाते. तुमच्या घरातल्या बायका जगतात. म्हणून मी..."

"तां नाय विचारूक मी. ह्येंचा ब्याऐंशी नि माझा नव्वद?" तिने बोटांवर मोजलं. चार वर्षांचा फरक धरून तिने हिशेब बरोबर केला. "म्हणजे बारा वर्षां मी एकटी?"

तन्वीने माझ्याकडे बघितलं. मग बोलणं मला भाग होतं. मी माझं नेहमीचं सांगू लागले, फिरत फिरत. वहिनी, हे काही भविष्य नाही. आपण फक्त धरून चालतो. पाऊस पडेलच असं नाही, पण आपण छत्री घेतो ना? कमीवाला पर्याय घेतलात तर...

"बाई," ती उठून उभी राहिली, "तुमी शिकलेल्या. पण दर वर्षाक मी वडाक फेरे घालतंय ते काय उगाच? माका ह्येंच्या मागे रवाचा नाय. एक दीस आधी मी जातलंय म्हंजे जातलंय. आणि माझ्याच चेडवान भर सभेत माझ्या कपाळाचा कुंकू पुसूचा? असा अभद्र ऐकूक मी इलंय हंय?"

भर सभा म्हणजे आम्ही चौघंच होतो. पण ती तरातरा बाहेर निघून गेली. बांगड्यांचा आवाज पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत येत होता. तन्वी खाली मान घालून रडत होती. एवढी वर्षं शिकवून मी एका बाईला नवऱ्यादेखत विधवा करून बसवलं होतं, असंच तिला वाटलं असणार, आणि तिचं चुकलंही नव्हतं.

परब उठले. बाकावर बायकोची पर्स राहिली होती ती त्यांनी उचलली. जाता जाता थांबून म्हणाले, "मॅडम, तो पर्याय एकदा दिला की बदलत नाय ना?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि पर्स काखेत धरून बायकोच्या मागे गेले.

बस्स. एवढंच. होय नाही, नाही नाही. तन्वीला मी पैकीच्या पैकी मार्क दिले, तिने निकाल बघितलासुद्धा नाही. आमच्या धंद्यात एक नियम असतो, सल्ला द्यायचा, हात धरून फॉर्मवर खूण करायची नाही. निर्णय क्लायंटचा. हे मी वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं मुलांकडून. आता मलाच ते पचत नव्हतं.

महिनाअखेर जवळ येऊ लागली तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. तन्वीला फोन केला. ती म्हणाली, "आई माझ्याशी बोलत नाही. बाबा नेहमीसारखेच बोलतात, म्हणजे काहीच नाही. फॉर्म त्यांनी कपाटात ठेवलाय, चावी त्यांच्याकडे." दोन दिवसांनी परत फोन. तेच उत्तर. भाजी चिरताना, पेपर तपासताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या डोक्यात एकच, त्यांनी कुठे खूण केली असेल? नवरा वैतागला. "अगं, तुझ्या स्वतःच्या पेन्शनच्या कागदांसाठी तू एवढी धावपळ केली नाहीस!" एका दुपारी तर मी सरळ रिक्षा करून वाकोल्याला गेले. बाजाराच्या तोंडाशी उतरले, दोन मिनिटं मासेवालीच्या टोपलीकडे उगाचच बघत उभी राहिले, आणि त्याच रिक्षावाल्याला हाक मारून परत आले. काय सांगणार होते जाऊन? परत एकदा तेच अभद्र?

शेवटची तारीख गेली. परबांनी फॉर्म स्वतः नेऊन दिला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "दिलात?" ते म्हणाले, "दिला." तन्वीने विचारलं, "कुठला?" तर म्हणाले, "भूक लागलीय, पान घ्या." पुढे तिने विचारायचं सोडलं. बापाला कितीदा विचारणार!

आता पहिली पेन्शन खात्यात येईल तेव्हाच कळणार होतं. दोन्ही आकडे तन्वीला पाठ होते, मलाही होते. ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. लायब्ररीत पुस्तक परत करायला गेले आणि पुस्तक घेऊन तशीच परत आले. वर्गात कर्जाच्या हप्त्याचं गणित फळ्यावर चुकवलं. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. टेबल फॅनचा वेग वाढला होता एवढं त्यांना कळलं असावं.

मग एका सकाळी, मी कॉलेजच्या फाटकातून आत शिरते आहे तोच फोन वाजला. तिकडून तन्वी ओरडली, "मॅडम, कमी आलं!"

"काय?"

"पैसे कमी आले! पेन्शन कमी आली मॅडम!"

"किती कमी?"

"बरोब्बर तेवढंच!"

फाटकावरचा वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. पैसे कमी आले म्हणून इतक्या जोरात हसणारी फायनान्सची बाई त्याने पाहिली नसणार. मी तिथेच त्याच्या खुर्चीवर बसले. हो, बसले. खूप बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

"आणि आई?" मी विचारलं.

"आईला अजून माहीत नाही मॅडम. ती म्हणाली, क्लार्कने सांगितलं होतं त्यापेक्षा हे कमी कसं? तर बाबा म्हणाले, कापतात. मी आतून ऐकत होते. ती म्हणाली, कोण कापतं? बाबा म्हणाले, सगळ्यांचंच कापतात. आणि चहा पीत बसले. मॅडम, माझे बाबा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत हो. दूधवाला एक पिशवी जास्त टाकून गेला तर त्याच्या मागे धावत जातात."

मी म्हटलं, तूही गप्प बस. ती म्हणाली, "आणि क्लायंटशी खोटं बोलायचं नाही त्याचं काय?" मी म्हटलं, "तास सुरू होतोय माझा, ठेव फोन."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती कदाचित लिहिलीही नसती. पण माझ्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात स्टाफरूमच्या दारात बांगड्या वाजल्या. तन्वीची आई. तन्वीला अंधेरीत नोकरी लागली होती, त्याचे पेढे आणि गावचं खाजं घेऊन आली होती. मागे परब. ते दारातच थांबले आणि नोटीस बोर्डवरचं वेळापत्रक मन लावून वाचू लागले.

तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. त्या दिवशीचं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुमी ह्याच शिकवतास म्हणान विचारतंय. ह्येंची पेन्शन कमी येता. हे म्हणतत, कापतत. माका काय ह्या पटणा नाय. ह्ये भोळे, ह्येंका कोणव फसयता. तुमी सांगा, खराच कापतत?"

मी परबांकडे बघितलं नाही. ते अजून वेळापत्रकच वाचत होते. त्यावर शनिवारचे फक्त तीन तास होते, पण परबांचं वाचन काही संपत नव्हतं. स्टाफरूमच्या खिडकीतून पलीकडचा वर्ग दिसत होता, फळा पुसलेला होता. काय काय आठवलं तेवढ्यात. आईचं पित्त आठवलं. पहिल्या तासाची दोन वाक्यं आठवली. समोर बसलेली ही बाई क्लायंट होती, आणि तिने मला सरळ प्रश्न विचारला होता.

"कापतात हो," मी म्हटलं. "सगळ्यांचंच कापतात."

"मेल्यांचा वाटोळा होऊंदेत," तिने कापणाऱ्यांना शिव्या घातल्या आणि तिचा चेहरा मोकळा झाला. दारातल्या परबांनी पाकीट काढून उगाचच त्यात बघितलं आणि परत ठेवलं. ती उठली. पदर सारखा केला. दोन पावलं जाऊन परत आली आणि माझा हात धरला.

"जाऊंदेत. मी आसय तवसर कसाव भागयन. पण बाई, माझ्या माघारी ह्येंका कमी पडाक नको, इतक्याच माझा म्हणणा. नाय ना पडूचा?"

"नाही पडणार," मी म्हटलं.

हे मात्र अगदी खरं सांगितलं.